नाव घातलं, वेळ कोण देणार?

रविवारी निगडीला मामाकडे जेवायला गेले होते. पानावरून उठतच होते तेवढ्यात फोन वाजला. आमच्या कारखान्यातला थर्ड शिफ्टचा सुपरवायझर होता. "मॅडम, माझी तीन पोरं लाल दाखवतायत. उद्या रिव्ह्यू आहे. काहीतरी करा." सकाळी बघते असं सांगून मी फोन ठेवला.

"लाल म्हणजे काय?" मामानं विचारलं.

"कोर्सची मुदत संपली आणि कोर्स पूर्ण झाला नाही, की डॅशबोर्डवर नाव लाल होतं."

"कोर्सला नाव कुणी घातलं?"

"मी."

"त्यांना विचारून?"

"बाराशे माणसं आहेत मामा. प्रत्येकाला विचारत बसले तर वर्ष जाईल."

"मग पोरं कशानं लाल झाली? जिनं न विचारता नाव घातलं, ती लाल व्हायला पाहिजे."

हे त्यानं हसत म्हटलं नाही, म्हणून मला लागलं. मामा औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन 1981 साली ॲप्रेंटिस म्हणून कारखान्यात लागला आणि निवृत्त झाला तेव्हा तिथल्या ट्रेनिंग सेंटरचा फोरमन होता. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ट्रेनिंग विभागात आहे. कोणत्या माणसाला कोणता ऑनलाइन कोर्स लावायचा, कधी सुरू करायचा, कधी बंद करायचा, हे सगळं माझ्याकडे असतं. म्हणजे दोघांचं काम एकच, माणसाचं नाव शिकणाऱ्यांच्या यादीत घालायचं. पण त्या यादीकडे आम्ही दोघं फार वेगळ्या नजरेनं बघतो, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट कळलं.

"माझ्याकडे लाल कापडाच्या बांधणीचं रजिस्टर होतं," मामा म्हणाला. "त्यात नाव चढवायच्या आधी मी दोन दिवस लाइनवर उभा राहायचो. माणूस पाना कसा धरतो, गेज लावताना श्वास रोखतो की नाही, बघायचो. मग त्याच्या सुपरवायझरकडे जायचो. मंगळवारी नऊ ते अकरा हा माझ्याकडे, याच्या जागेवर कोण? त्यानं जागेवरचा माणूस सांगितला, की मगच रजिस्टरमध्ये नाव. नाव चढलं याचा अर्थ दोन तास बाजूला निघाले."

"आणि सुपरवायझरनं माणूस दिला नाही तर?"

"तर नाव चढायचं नाही. भांडायचो मी, पण खोटं नाव चढवायचो नाही."

मामाच्या सेंटरच्या भिंतीवर तेव्हा स्किल मॅट्रिक्स असायचा, तो आजही आमच्या शॉपमध्ये लावलेला असतो. उभ्या रांगेत माणसांची नावं, आडव्या रांगेत कामं, आणि प्रत्येक घरात चार भाग पाडलेलं एक वर्तुळ. एक पाव भरला तर शिकतोय. अर्धं भरलं तर कुणाच्या तरी देखरेखीखाली करतो. पाऊण भरलं तर एकटा करतो. पूर्ण भरलं तर दुसऱ्याला शिकवतो. अशा शिकवण्यामागे जुना इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 1940 साली कारखान्यांतल्या प्रशिक्षणाची एक मोठी सरकारी योजना निघाली. दाखवा, सांगा, करून घ्या, तपासा, ही तिची रीत होती. युद्धानंतर ती जपानला गेली आणि तिथून सगळ्या वाहन उद्योगात पसरली. आज चाकणमधल्या कितीतरी कारखान्यांत 'डोजो' नावाची शिकण्याची खोली असते, तिची मुळं तिथपर्यंत जातात. मामाला या इतिहासाशी देणंघेणं नाही, त्याच्या हातात ती रीत मुरलेली आहे. तो म्हणाला, "वर्तुळाचा एक पाव भरायला मला कधीकधी सहा महिने लागायचे. तुझ्याकडे एक बटण दाबलं की बाराशे नावं चढतात. त्यातून कुणाचं वर्तुळ भरलं?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. उलटा प्रश्न विचारला.

"मामा, त्या रजिस्टरमध्ये बायका किती होत्या?"

तो थांबला. "आमच्याकडे बायका पॅकिंगलाच होत्या."

"किती वर्षं?"

"वीसेक वर्षं असतील."

"वीस वर्षांत त्यातल्या एकीचं नाव गेज वापरण्याच्या, ड्रॉइंग वाचण्याच्या ट्रेनिंगला चढलं?"

"कुणी नाव सुचवलंच नाही."

"सुचवणार कोण? तू लाइनवर उभा राहून बघायचास. पॅकिंगला तू उभाच राहिला नाहीस."

मामी स्वयंपाकघरातून भांडी घासता घासता ऐकत होती. नळ बंद झाल्याचा आवाज आला. मामा बराच वेळ काही बोलला नाही आणि मला वाटलं आपण जास्तच बोललो. पण हे बोलणं भाग होतं. जुन्या पद्धतीत जो उस्तादाच्या नजरेसमोर असतो तोच शिकतो. जो कोपऱ्यात आहे, रात्रीच्या पाळीला आहे, ज्याचं सुपरवायझरशी पटत नाही, त्याचं नाव राहून जातं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. नावं डोक्यात ठेवली की असंच होतं.

"म्हणूनच मला नियम हवा असतो," मी म्हणाले. "आमच्याकडे कोहॉर्ट असतात. म्हणजे माणसांचे गट. पेंट शॉप हा एक गट, वेल्ड शॉप दुसरा, नवीन रुजू झालेले तिसरा. रोज रात्री एचआरची फाईल सिस्टिममध्ये उतरते. आज तुझी बदली पेंट शॉपला झाली, तर उद्या सकाळी रसायनं हाताळण्याचा कोर्स तुझ्या नावावर लागलेला असतो. मग तू साहेबाचा लाडका असलास काय न् नसलास काय. थिनरच्या डब्याजवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाला तो डबा काय करू शकतो हे कळलंच पाहिजे. ते कुणाच्या मर्जीवर सोडता येत नाही."

या मुद्द्यावर मामा माझ्या बाजूचा निघाला. भोपाळची वायुगळती डिसेंबर 1984 ची. मामाला नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. त्यानंतर 1987 साली 1948 च्या कारखाना कायद्यात मोठी भर पडली, धोकादायक प्रक्रियांवर वेगळं प्रकरण आलं, आणि आपल्या कामातल्या धोक्याची माहिती मिळणं, त्याबद्दल प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात लिहिला गेला. "त्याआधी आम्ही डब्यावरचं इंग्रजी लेबल बघून अंदाज करायचो," तो म्हणाला. "कवटीचं चित्र असलं तर लांब, नसलं तर जवळ."

"हक्क म्हणतोस ना? मग हक्कासाठी रांगेत उभं राहावं लागू नये. नाव आपोआप लागलं पाहिजे."

"लागू दे. पण कायद्यानं प्रशिक्षण द्यायला सांगितलंय. नाव लावायला नाही."

इथे मी त्याला एक गोष्ट सांगितली. ऑफिसात मी ती फारशी कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या पेंट शॉपमध्ये एक ऑपरेटर होता. चाळिशीचा, शांत, कधी तक्रार न करणारा. त्यानं रसायनांचा कोर्स वेळेत पूर्ण केला होता. पुढे त्याची वेल्ड शॉपला बदली झाली. रात्रीच्या फाईलनं त्याला पेंट शॉपच्या गटातून काढून वेल्ड शॉपच्या गटात घातलं, आणि तिथेच घात झाला. माणूस गटातून गेला की त्या गटामुळे लागलेल्या कोर्सचं काय करायचं, यासाठी सिस्टिममध्ये एक सेटिंग असतं. नोंदणी काढून टाका, किंवा नोंदणी तशीच ठेवून फक्त बंद करा. जगभर वापरल्या जाणाऱ्या मूडलमध्येही हे दोन्ही पर्याय आहेत, आणि तिथे आपण काही बदललं नाही तर पहिला पर्याय चालू असतो. आमच्याकडेही पहिलाच होता. मी तो कधी उघडून पाहिला नव्हता. बदली झाली त्या रात्री त्या कोर्सच्या अहवालातून त्याची ओळच गेली.

दीड वर्षानं तो पुन्हा पेंट शॉपला आला. ग्राहक कंपनीचं ऑडिट तोंडावर होतं. मी अहवाल काढला, त्यात त्याचं नाव नाही. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, मी केला होता हो तो कोर्स." मी स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवली आणि म्हणाले, "नोंद नाही. पुन्हा करावा लागेल." मी त्याला त्या वर्षीच्या नव्या कोर्सला लावलं. तो काही न बोलता गेला. दोन दिवसांनी कोर्स पूर्ण करून आला आणि जाताना म्हणाला, "मागच्या वेळी पोरगी नववीत होती. प्रश्न इंग्रजीत होते, ती वाचून सांगायची. आता ती हॉस्टेलला आहे, म्हणून दोन दिवस लागले."

ऑडिट झाल्यावर मी जुन्या नोंदींचा इतिहास खणून काढला. त्यात त्याचे गुण होते, तारीख होती, वेळ होती. रात्री पावणेअकरा.

"तू त्याला सांगितलंस?" मामानं विचारलं.

"सांगितलं. माफी मागितली. तो म्हणाला, असू दे मॅडम, उजळणी झाली."

मामा उठून खिडकीशी गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज चढला होता, पण माझ्यावर नव्हता. "पावणेअकरा म्हणजे तो घरी होता. ट्रेनिंग कारखान्याचं, धोका कारखान्यातला, आणि माणूस शिकतोय घरी, पोरीचा अभ्यास थांबवून. त्या वेळेचा पगार कुणी दिला? आणि तिसरी गोष्ट सांग, ज्याला इंग्रजी येत नाही त्याला इंग्रजी प्रश्न लावलेच कसे?"

"मराठी आणि हिंदी आवृत्ती होती. गट शॉपप्रमाणे होता, भाषेप्रमाणे नव्हता."

"म्हणजे तुझा नियमसुद्धा कोपऱ्यातल्या माणसाकडे बघत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. ते सेटिंग मी दुसऱ्याच दिवशी बदललं. आता माणूस गटातून गेला की नोंदणी बंद होते, पुसली जात नाही. भाषेचा रकाना प्रत्येकाच्या माहितीत जोडला. पण अशा किती जागा असतील ज्या मी उघडून पाहिलेल्याच नाहीत? टोकन नंबर 00417 असतो. एक्सेलमध्ये फाईल उघडून सेव्ह केली की पुढची दोन शून्यं जातात, आणि सिस्टिमला 417 हा कुणीतरी नवा माणूस वाटतो. एकाच माणसाची दोन खाती होतात. एकावर कोर्स पूर्ण, दुसऱ्यावर तोच माणूस लाल.

आणि त्या सुपरवायझरची ती तीन पोरं? मामाशी बोलता बोलताच मी लॅपटॉप उघडून बघितलं. मुदतीची शेवटची तारीख मी 30 टाकली होती. वेळेच्या खान्यात शून्य वाजून शून्य मिनिटं तशीच राहिली होती. म्हणजे 29 तारीख संपून 30 लागली त्या क्षणाला कोर्स बंद. तिघांनी 30 तारखेला पहाटेच्या जेवणाच्या सुट्टीत, अडीच वाजता, किऑस्कवर बसून कोर्स उघडायचा प्रयत्न केला होता. लॉगमध्ये तिघांची वेळ दिसत होती. दार माझ्या हातून अडीच तास आधी लागलं होतं, आणि उद्याच्या रिव्ह्यूमध्ये लाल ते तिघं दिसणार होते.

मी तिथेच बसून मुदत वाढवली आणि सुपरवायझरला फोन करून चूक माझी होती असं सांगितलं.

मामी हात पुसत बाहेर आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. "तुम्ही दोघं उगाच एकमेकांचं खोडताय," ती म्हणाली. "आमच्या वेळी निष्ठाचं, म्हणजे शिक्षकांसाठीचं सरकारी ट्रेनिंग आलं होतं, तिसरं, पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचं. बारा कोर्स, दीक्षा या सरकारी पोर्टलवर. प्रत्येक कोर्सच्या बॅचला शेवटची तारीख, आणि प्रमाणपत्राला सत्तर टक्के पाहिजेत. नावं आपापली आम्हीच नोंदवली, लिंक उघडून 'जॉईन' केलं की झालं. पण नोंदवून वेळ थोडाच मिळतो? कोविडनंतर शाळा पुन्हा भरायला लागल्या तेव्हा आम्ही पाच जणींनी काय केलं, मधल्या सुट्टीनंतरचा एक तास वाटून घेतला. दोघी पाचही वर्गांना एकत्र घेऊन बसायच्या, गाणी, पाढे, गोष्टी. तिघी ऑफिसात बसून कोर्स करायच्या. दुसऱ्या दिवशी उलट. हेडबाईंनी वहीवर लिहून ठेवलं होतं, आज कोण शिकणार आणि आज कोण सांभाळणार. पाचही जणींचे बाराच्या बारा झाले."

"बघ," मामा मला म्हणाला. "हेच. जागेवर कोण."

"पण मामा, नाव नोंदवायला त्यांना कुणाच्या पसंतीची वाट बघावी लागली नाही. प्राथमिकच्या शिक्षकांसाठी खुलं होतं. हे माझं."

त्यानं मान हलवली. वाद मिटला असं मी म्हणणार नाही. ज्याच्याजवळ उस्ताद उभा नाही त्याला पडद्यावरच्या कोर्सनं काही येत नाही, हे त्याचं मत ठाम आहे, आणि गेज धरण्याच्या बाबतीत ते खरंच आहे. आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीतही अपेक्षा आहे ती माणूस कामाला सक्षम असण्याची आणि त्याचा पुरावा जपण्याची. पूर्ण झालेला कोर्स हा त्या पुराव्याचा एक तुकडा. आम्ही ट्रेनिंगवाले त्या तुकड्यालाच पुरावा समजायला लागलो, कारण तो मोजायला सोपा आहे. उलट माझंही एक मत ठाम आहे. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, तक्रार कुणाकडे करायची, डब्यात काय आहे, या गोष्टी कुणीतरी आपल्याला निवडेल याची वाट बघत शिकायच्या नसतात.

तक्रारीचा विषय निघाल्यावर मामानं सहज विचारलं, "ते बायकांच्या छळाविरुद्धच्या कायद्याचं ट्रेनिंग असतं ना तुमच्याकडे? ते सगळ्यांना लावतेस?"

"सगळ्यांना. 2013 चा कायदा आहे. मालकानं ठरावीक काळानं कार्यशाळा, जागृतीचे कार्यक्रम घेतलेच पाहिजेत. आमचं शंभर टक्के पूर्ण आहे."

"कॅन्टीनच्या बायका?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कॅन्टीन कंत्राटदाराचं आहे. त्या बायका आमच्या पगारपत्रकात नाहीत. एचआरच्या फाईलमध्ये जो नाही तो सिस्टिममध्ये नाही, सिस्टिममध्ये नाही तो गटात नाही, आणि गटात नाही तो शंभर टक्क्यांच्या शंभरात मोजलेलाच नाही. कायद्यात मात्र कर्मचारी कोण याची व्याख्या स्वच्छ आहे. कायम, हंगामी, रोजंदारी, कंत्राटदारामार्फत आलेला, शिकाऊ, सगळे त्यात येतात. मामाच्या रजिस्टरमध्ये पॅकिंगच्या बायका नव्हत्या. माझ्या सिस्टिममध्ये कॅन्टीनच्या नाहीत. तीस-चाळीस वर्षं मध्ये गेली, आणि दोन्ही याद्यांनी वगळलं ते त्याच जागच्या माणसांना.

मामाला हे मी बोलून दाखवायची गरज पडली नाही. त्यानं टेबलावरचं लाइट बिल उलटं केलं, खिशातलं पेन काढलं आणि रकाने आखले. नाव. कोर्स. भाषा. दिवस आणि वेळ. जागेवर कोण. "यातले किती तुझ्या सिस्टिममध्ये बसतात?"

"पहिले तीन आहेत. चौथा घालता येईल. पाचव्यासाठी वेगळा रकाना तयार करावा लागेल."

"कर. आणि पाचवा रिकामा असेल तर नाव चढवू नको."

"नाव चढवीन. पण पाचवा भरेपर्यंत मुदतीचं घड्याळ सुरू करणार नाही. आणि तो भरला नाही, तर लाल होणार सुपरवायझर."

मामानं थोडा विचार केला. "चालेल," म्हणाला.

सोमवारी मी कंत्राटदाराकडून कॅन्टीनची यादी मागवली. अकरा नावं आली, आडनावं नाहीत, टोकन नाहीत, दोन सुनीता. अशा यादीवरून खाती काढता येत नाहीत, म्हणून वही घेऊन दुपारी तीन वाजता मीच खाली गेले. जेवणाची गर्दी ओसरली होती, चहाची सुरू व्हायची होती. दोघी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांतल्या मोठीनं हात पदराला पुसले, पूर्ण नाव सांगितलं, मी ते बरोबर लिहिलं का ते वाकून बघितलं. मग विचारलं, "बसायचं कधी, ताई? चारला आमची डाळ लागते चुलीवर."

मी चौथ्या रकान्यावर बोट ठेवून म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"सव्वातीन," ती म्हणाली. आणि कोथिंबीर निवडणाऱ्या दुसरीकडे बघून, "तेवढा वेळ ही बघेल."

पाचव्या रकान्यात मी त्या दुसरीचं नाव लिहिलं. तीच दुसरी सुनीता होती. तिचं आडनाव विचारून घेतलं.